३ लाख किमी झालेली ऑटोमॅटिक पिकअप, गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही. आता हात लावू का?

लांबपल्ला

मंडळी, सल्ला हवाय.

जुनी पिकअप घेतली आहे. ऑटोमॅटिक, ६ गिअर, मीटरवर ३ लाख किमीच्या पुढचा आकडा. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या पावत्या नीट जपून ठेवल्यात, पण गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल त्या अख्ख्या फायलीत एक ओळ नाही. विचारलं तर म्हणाला, "ते कुठे बदलायचं असतं?"

गाडी चालते व्यवस्थित. इंजिन गार असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना किंचित रेंगाळते, गरम झाली की तेही जातं. दुसरं म्हणजे टॉप गिअरला, अगदी हलक्या पायाने ६०-७० च्या वेगात चालवताना मधूनच एखाद-दोन सेकंद थरथर जाणवते. गिअर घसरत नाही, रिव्हर्स लगेच लागतो. डिपस्टिक आहे. तेल तपकिरी झालंय, जळका वास मात्र नाही.

निम्मे लोक म्हणतात आजच बदल. उरलेले म्हणतात जुनं तेल काढलंस की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समज. कोणाचं ऐकू? गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल. पुस्तकात डेक्सरॉन ६ जातीचं तेल लिहिलंय, एवढं पुरे.

उगाच_एक

चालतेय ना? मग कशाला उकरून काढताय.

शंकासुर

+१. जुन्या तेलात क्लच प्लेटची झिजलेली भुकटी असते, तिच्यावरच पकड टिकून असते. नवीन तेल ती भुकटी धुऊन नेतं आणि प्लेटा घसरायला लागतात. माझ्या ओळखीत एकाने मशीन लावून पूर्ण तेल बदलून घेतलं, महिना नाही झाला तर तिसरा गिअर गेला. धडधाकट चालत होती गाडी.

तेलकट_हात

शंकासुर, ती गाडी खरंच धडधाकट होती का, हे त्या गृहस्थांना एकदा खोदून विचारा. गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडे तेल बदलायला येणारी गिऱ्हाइकं दोन जातींची असतात. एक वेळेवर येणारी, जी फार थोडी. दुसरी गाडी घसरायला लागली, झटके मारायला लागली की 'आधी तेल तरी बदलून बघू' म्हणत येणारी. दुसऱ्या जातीची गाडी तेल बदला किंवा ठेवा, जायचीच असते. बिल मात्र नवीन तेलाच्या नावावर फाटतं.

तरी तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. क्लच प्लेटचं अस्तर संपत आलं असेल तर नवीन तेलातली घर्षणाची रसायनं ताजी असल्यामुळे आत्तापर्यंत लपलेली घसरण उघडी पडू शकते. पण भुकटीवर पकड टिकते म्हणून तेल बदलू नका, हा सल्ला अस्तर संपलेल्या बॉक्सपुरताच. तिथेही भुकटी थोडे दिवस काढून देईल, अस्तर परत आणणार नाही. आणि तीच भुकटी व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून गिअर बदलणारा भाग) बारीक वाटांत आणि सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपांच्या) जाळ्यांत जाऊन बसते, त्याचं काय?

लांबपल्ला, तुमच्या गाडीच्या लक्षणांवरून मला काळजीचं कारण दिसत नाही. मी आधी हे बघेन: डी किंवा आर टाकल्यावर गाडी किती वेळात ओढ घेते, चढावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असं होतं का, आणि डिपस्टिकचं तेल पांढऱ्या कागदावर टाकून बोटाने चोळल्यावर कण लागतात का. हे तिन्ही ठीक असेल तर बदला. निव्वळ रंगावर जाऊ नका. तपकिरी म्हणजे जुनं, एवढंच. काळं, जळक्या वासाचं आणि कणकण असलेलं तेल निघालं तर आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा, मग तेलाचं बघू.

थरथर कसली आहे हे ओळखायची सोपी युक्ती: थरथर चालू असतानाच डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता. रस्ता मोकळा असेल तरच. ब्रेकच्या स्विचमुळे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलामार्फत जोडणारा भाग) लॉक-अप क्लच, म्हणजे त्या दोघांना थेट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष तिथला. तशीच राहिली तर प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा, गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

लांबपल्ला

आत्ताच करून आलो. पाय लावला की थरथर गायब! तीनही वेळा... मोजायचं नव्हतं खरं तर, पण दर वेळी तेच. कागदावर तेल चोळलं, कण लागत नाहीत. चढावर ओढही बरोबर आहे.

तेलकट_हात

मग लॉक-अप क्लच. आणि ही बातमी वाईट नाही. हल्लीचे बॉक्स हा क्लच बऱ्याचदा पूर्ण घट्ट धरतच नाहीत, इंजिनचे धक्के आत येऊ नयेत म्हणून मुद्दाम थोडा घसरता ठेवतात. ही घसरण गुळगुळीत राहावी हे काम तेलातल्या घर्षण-रसायनांचं. ती संपली की क्लच पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो, तेही सेकंदाला अनेकदा. तुम्हाला जाणवते ती थरथर तीच. क्लच जळालेला नसेल तर नवीन, योग्य तेलाने ती बऱ्याचदा जाते.

रानवाट

अगदी. जीएमच्या ८ गिअरच्या पिकअपमध्ये हाच प्रकार गाजला होता. मूळ तेल हवेतला ओलावा ओढून घ्यायचं आणि लॉक-अप थरथरायचा. कंपनीने शेवटी सर्व्हिस बुलेटिन काढून तेलच वेगळं दिलं, मोबिल १ चं एलव्ही एटीएफ एचपी (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). बऱ्याच गाड्यांना पार्ट न बदलता निव्वळ तेलाने आराम पडला.

मी मागे ट्रेलर जोडते, त्यामुळे तापमानाचं एक सांगते. गिअरबॉक्सच्या तेलाला किलोमीटरपेक्षा उष्णता लवकर संपवते. जुना ठोकताळा असा, की ८० अंश सेल्सिअसच्या वर दर १०-११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. ठोकताळा खनिज तेलाच्या काळातला आहे, आजची सिंथेटिक तेलं जास्त सोसतात, पण दिशा तीच. घाटात ट्रेलर ओढताना काटा ११० च्या पुढे गेलेला मी स्कॅनरवर पाहिलाय. लांबपल्ला, आधीचा मालक काय ओढायचा हे विचारा. मोकळ्या रस्त्यावरचे ३ लाख आणि ट्रेलरचे ३ लाख यांत फार फरक आहे.

शंकासुर

ठीक आहे, पण मग कंपन्या 'आयुष्यभराचं तेल' असं का लिहितात? त्यांना काय कळत नाही?

गंजलेला_नट

कळतं हो. कोणाचं आयुष्य, ते लिहीत नाहीत! गंमत म्हणजे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला तेल बदलायला सांगते, आणि तोच बॉक्स बसवणाऱ्या काही गाडीवाल्यांच्या पुस्तकात बदलायची गरज नाही असं असतं. पहिल्या मालकाच्या हातात असेपर्यंत देखभालीचा खर्च कमी दिसावा, हा हिशोब. तिसऱ्या मालकाची काळजी कोणाला?

पुस्तकात शेवटी 'कठीण वापर' असं एक कलम असतं बघा. ओझं, ट्रेलर, धूळ, सतत थांबत-थांबत चालणं. पिकअप घेऊन यातलं काहीच न करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

लांबपल्ला

ठरलं, बदलतो. आता कसं? मशीनवर एका दमात, की चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) खोलून?

तेलकट_हात

चेंबर खोलून, आणि एका दमात नाही.

चेंबरमधून सगळं तेल निघत नाही. बऱ्याच ६ गिअरच्या पिकअपमध्ये एकूण तेल ११-१२ लिटर असतं, चेंबर उतरवला तर ५-६ निघतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, वाटावाटांत अडकलेलं. (काही जुन्या फोर्डच्या कन्व्हर्टरला स्वतंत्र ड्रेन प्लग असायचा, फार सोयीचा. आता तो शोधूनही सापडत नाही.) दर वेळी ४० टक्के बदललं असं धरा. पहिल्यांदा ४० टक्के नवीन, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. मध्ये काही हजार किमी चालवा. तीनदा केलंत की पुरे, शंभर टक्क्यांच्या मागे लागू नका.

मी हा रस्ता सांगतो तो नवीन तेलाच्या भीतीपोटी नाही. एक तर चेंबर उतरवल्यावर आतलं दिसतं, ते मशीनला कधीच दिसणार नाही. आणि फिल्टर बदलता येतो. मशीनवर नुसतं तेल फिरवून जुना फिल्टर तसाच ठेवणं म्हणजे आंघोळ करून मळकेच कपडे घालणं. मशीनचेही दोन प्रकार: बॉक्सच्या स्वतःच्या पंपाच्या दाबावर चालणारी ठीक, वरून दाब देऊन उलटसुलट तेल मारणारी जुन्या बॉक्सवर नको.

काम करताना:

गाडी भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. तेल कोमट असू द्या, उकळतं नको. चेंबरचे बोल्ट सगळे एकदम काढू नका. एका बाजूचे काढा, समोरचे नुसते सैल करा, म्हणजे चेंबर एका कोपऱ्यात कलतो आणि धार ठरवलेल्या जागी पडते. तरी थोडं अंगावर येणारच, जुने कपडे घाला.

निघालेलं तेल मोजा. रिकाम्या बाटल्यांत भरून ओळीत मांडा. जेवढं निघालं तेवढंच आधी आत जाईल. आधीची पातळीच चुकीची होती की काय, तेही यात कळतं.

फिल्टर ओढून काढला की त्याच्या नळीवरचं सील बऱ्याचदा वरच्या भोकातच राहतं. बॅटरी मारून बघा. ते तसंच ठेवून नवीन सील खाली ढकललं तर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो, आणि मग 'नवीन तेलाने गिअरबॉक्स गेला' म्हणणारा आणखी एक माणूस तयार होतो. सील काढताना भोकाला ओरखडा येऊ देऊ नका, स्क्रू ड्रायव्हरची टोकं तिथे फार घातक.

बोल्ट. चेंबरच्या बोल्टना बहुतेक ठिकाणी १० ते १२ न्यूटन मीटरच्या आसपासच ताण लागतो, आकडा आपल्या पुस्तकातला घ्या. अमेरिकन पुस्तकात तो इंच-पाउंडात असतो, आणि १२ इंच-पाउंड म्हणजे १ फूट-पाउंड. एकक न बघता पाना लावला तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. पॅकिंगला सिलिकॉन थापू नका, आत निघालेला तुकडा थेट फिल्टरवर जाऊन बसतो.

चौथाकोन

वाचतोय, मस्त चाललाय धागा. एक शंका: 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेलं तेल चालेल का? आणि ते थरथर घालवणारं छोट्या बाटलीतलं औषध?

गंजलेला_नट

औषध शेवटचा उपाय म्हणून. ताजं तेल पडल्यावर गरज उरते का ते आधी बघा.

तेलाचं मात्र नाव वाचून घ्या. डेक्सरॉन ६ हे डेक्सरॉन ३ च्या जागी ऑटोमॅटिकमध्ये चालतं, उलटं नाही. फोर्डचं मर्कॉन ५ आणि मर्कॉन एलव्ही यांचा एकमेकांशी संबंध नाही, नुसतं 'मर्कॉन' बघून उचलू नका. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस तसंच. जाडी वेगळी, घर्षण वेगळं.

अवांतर: क्रायस्लरच्या एटीएफ+४ चा लाल रंग टिकाऊ नसतो. थोडं चाललं की तपकिरी होतं, आणि ते कंपनीच सांगते. रंग बघून घाबरणाऱ्यांसाठी.

रानवाट

माझ्या गाडीला डिपस्टिकच नाही, सीलबंद बॉक्स. पातळी कशी बघायची?

तेलकट_हात

सगळ्यात आधी, काहीही निथळवायच्या आधी, वरचा भरायचा प्लग सुटतो की नाही ते बघा. खालचा काढून तेल जमिनीवर आणि वरचा गंजून बसलेला, या अवस्थेत गाडी टो करून आणावी लागते.

पुढे: जेवढं निघालं तेवढं भरा. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, नुसतं पुढून उचललेली नको. इंजिन चालू करून ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा, परत पार्कमध्ये. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघा. तुमच्या बॉक्सचा ठरलेला पट्टा असतो, झेडएफच्या बऱ्याच बॉक्सना ३० ते ५० अंश. त्या पट्ट्यात असताना, इंजिन चालूच ठेवून, पातळीचा प्लग उघडा. बारीक धार येऊन थेंब-थेंब झालं की बंद करा. काहीच आलं नाही तर कमी आहे, अजून घाला. पट्टा ओलांडून तापल्यावर उघडलं तर फुगलेलं तेल बाहेर जातं आणि तुम्ही समाधानाने कमी तेलावर गाडी घेऊन घरी जाता.

डिपस्टिकवाल्यांनीही पुस्तक वाचा. बहुतेक गाड्यांत तेल गरम, इंजिन चालू, पार्कमध्ये. पण जुन्या डॉज रॅमच्या ४७आरई, ४८आरई बॉक्सना न्यूट्रलमध्ये बघायचं, कारण पार्कमध्ये त्यांच्या कन्व्हर्टरला तेल जात नाही.

आणि 'थोडं जास्त असलेलं बरं' हे इथे चालत नाही. फिरते भाग जास्तीच्या तेलाला घुसळून फेस करतात, फेसाला दाब धरता येत नाही, क्लच घसरतात.

लांबपल्ला

काम झालं, वृत्तांत देतो.

चेंबर कलवताना धार ठरलेल्या जागी पडली, शेवटचा पेलाभर माझ्या बाहीत. तेल चहापेक्षा गडद, पण आरपार दिसणारं. चेंबरच्या तळाला चौकोनी लोहचुंबक होतं, त्यावर राखाडी लगदा साचलेला, करंगळीच्या नखाइतका जाड. चिंधीने पुसला तर मऊ मलमासारखा निघाला, बोटाला काही टोचलं नाही. चेंबरच्या तळाला काळसर पातळ थर. एका कोपऱ्यात पितळी रंगाचे दोन-चार चकाकणारे कण दिसले, त्याने जीव वर-खाली झालाय.

सील खरंच वरच राहिलं होतं! दिसायला अगदी बॉक्सचाच भाग वाटतं, सांगितलं नसतं तर नवीन त्याच्याखालीच ठोकलं असतं.

तेलकट_हात

राखाडी मऊ लगदा म्हणजे एवढ्या वर्षांची स्टीलची साधी झीज, चुंबक त्यासाठीच असतं. काळा थर क्लचचा, एवढ्या किलोमीटरला अपेक्षित. पितळी कण बुशिंग किंवा थ्रस्ट वायसरचे. दोन-चार असतील तर नोंद ठेवा, पुढच्या वेळी चेंबर उतरवाल तेव्हा तुलना करा. मूठभर असते किंवा स्टीलचे टोकदार तुकडे असते तर तेल भरूच नका म्हटलं असतं.

शंकासुर

भुकटी गेली आता. महिन्याने काय होतं ते कळवा. मी आहे इथेच.

लांबपल्ला

शंकासुर, कळवतोच!

आत्तापुरतं असं: थरथर पहिल्याच दिवशी कमी झाली, पूर्ण गेली नाही. चढाला हलक्या पायावर क्वचित येते. गार असताना दुसरा-तिसऱ्यातलं रेंगाळणं मात्र जसंच्या तसं. स्कॅनरने गिअरबॉक्सची शिकवण (गिअर कसे बदलायचे याबद्दल कंप्युटरने साठवलेले आकडे) पुसून टाकू का?

तेलकट_हात

एवढ्यात नको. अर्धं तेल अजून जुनंच आहे, आज शिकवलेलं पुढच्या बदलीनंतर परत शिकवावं लागेल. शेवटच्या बदलीनंतर, पुस्तकात सांगितलं असेल तर करा, आणि मग ठरलेल्या पद्धतीने चालवून शिकू द्या. नुसतं पुसून सोडून दिलं तर काही दिवस झटके खात बसाल.

गार असतानाचं रेंगाळणं बहुधा तेलाचं नाहीच. इतक्या किलोमीटरला आतली रबरी सीलं कडक होतात, गरम झाल्यावर फुगून बसतात. त्याला बाटलीत उपाय नाही. सकाळी पहिली दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा. ते वाढायला लागलं, गरम असतानाही होऊ लागलं, तर बॉक्स उघडायची वेळ आली समजा.

चौथाकोन

धागा वाचून मीही माझी डिपस्टिक काढली. तेल गुलाबी आहे, पण दुधाळ, फेसाळ. हे नवीन तेलामुळे असेल का? मागच्या मालकाने नुकतंच बदललंय म्हणाला होता.

गंजलेला_नट

गाडी चालू करू नका!! रेडिएटरची पातळी बघा, कमी झाली असणार.

तेलकट_हात

नट बरोबर सांगतोय. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलेलं दिसतंय. निसान फ्रंटियरच्या २००५ ते २०१० च्या गाड्यांत हे इतकं झालं की प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. क्लचचं अस्तर कागदी जातीचं असतं, ते पाणी शोषतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्याचा चिकटवलेला थर सोडवतं. यात चेंबर उतरवून भागणार नाही. गाडी टो करून न्या. आधी रेडिएटर, मग सगळं तेल बाहेर, कन्व्हर्टरसकट. इथे मशीन लावलं तरी माझी हरकत नाही. किती दिवस चालवलीत अशी?

चौथाकोन

कालच घेतली. घरापर्यंत आणली तेवढीच.

तेलकट_हात

मग वाचण्याची शक्यता बरीच आहे. डिपस्टिकचा आणि रेडिएटरच्या टाकीचा फोटो टाका, आणि विकणाऱ्याला आजच फोन करा.